वेल्डर व्हायचंय? आधी हात, डोळे आणि डोकं तपासून घ्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, पोराला वेल्डिंगला घालू का, अंगात ताकद चांगली आहे त्याच्या. मी म्हणतो ताकदीचं नंतर बघू, आधी त्याला सुईत दोरा ओवायला सांगा. लोकांना वाटतं हे घणाचं काम आहे, तसं नाहीये. मी वीस वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात फॅब्रिकेशनमध्ये काढली, आता काही वर्षं झाली नवीन पोरांना होल्डर, म्हणजे वेल्डिंगचा रॉड पकडायचा चिमटा, धरायला शिकवतोय. दंड फुगलेली पोरं पहिल्याच महिन्यात वैतागून निघून गेलेली बघितलीत, आणि एखादा किरकोळ अंगाचा गप्प पोरगा, घरी आईला तांदूळ निवडून देणारा, तो सहा महिन्यांत पाइपचा रूट, म्हणजे जोडातला सगळ्यात तळाचा पहिला थर, मारायला लागलेला पण बघितलाय. दोन मुली पण शिकून गेल्या माझ्याकडे, दोघींचा हात पहिल्या आठवड्यातच बऱ्याच पोरांपेक्षा स्थिर होता.

आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे, आठवी पासवर अर्ज करता येतो, त्यामुळे दुसरं काही मिळालं नाही म्हणून बरेच जण इकडे येतात. पण वर्ष घालवायच्या आधी घरीच बऱ्याच गोष्टी तपासता येतात, एक रुपया खर्च न करता, आणि जे कमी पडतंय ते बहुतेक वेळा वाढवता पण येतं. कसं ते सांगतो, हातापासून सुरुवात करतो.

हाताला नेमकं काय करायचं असतं

३.१५ चा, म्हणजे ३.१५ मिलिमीटर जाड तारेचा, साधा रॉड घ्या, ३५० मिलिमीटर लांब असतो. ११० अँपिअरच्या आसपास लावला की मिनिट-सव्वा मिनिटात जळून संपतो. त्या मिनिटभरात हाताला तीन कामं एकदम करायची असतात. एक, रॉडचं टोक आणि जॉब, म्हणजे जोडायचं लोखंड, यांच्यात रॉडच्या तारेच्या जाडीएवढंच अंतर ठेवायचं, म्हणजे ३ मिलिमीटर, रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली तर होईल तेवढं. दोन, रॉड जळून आखूड होत असतो म्हणून हात सतत खाली आणत राहायचा, पूर्ण रॉड जळेपर्यंत जवळजवळ तीस सेंटिमीटर. आणि तीन, एकसारख्या चालीने पुढे सरकायचं, साधारण वीस सेंटिमीटर. अंतर कमी झालं की रॉड चिकटला, जास्त झालं की आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची विजेची ज्योत, पसरली, शिंतोडे उडाले, बीडमध्ये, म्हणजे वेल्डच्या रेघेत, भोकं पडली. शिवाय रॉड ७०-८० अंशात कलता धरायचा असतो आणि मनगट जरा फिरलं की तो कोन गेला. हे सगळं जाड चामड्याचे हातमोजे घालून, तोंडावर काळी काच लावून. यात जोर लावायची जागाच नाहीये कुठे, उलट जो जोर लावतो त्याचा हात कापतो.

घरी तपासायचं असेल तर खराट्याचा एक जाड हीर घ्या, फूटभर लांब, एक टोक सांडशीत धरा. कागदावर वीस सेंटिमीटरची रेघ मारा. आता हिराचं दुसरं टोक कागदाला टेकवायचं नाही आणि दोन नाण्यांपेक्षा वर पण जाऊ द्यायचं नाही, असं एका मिनिटात रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं. कोणाला तरी बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा, कारण आपल्याला वाटतं हात स्थिर आहे, व्हिडिओत कळतं किती वर-खाली होतोय ते. पहिल्या दिवशी सगळ्यांचाच हलतो. दहा दिवस रोज पंधरा वेळा करा आणि मग पहिला व्हिडिओ आणि अकराव्या दिवसाचा व्हिडिओ शेजारी ठेवून बघा. फरक पडला असेल तर तुमचा हात शिकणारा आहे, तेवढं पुरे.

हात थरथरतो त्याची कारणं बऱ्याचदा हातात नसतातच. उपाशी पोटी आलेला पोरगा हमखास थरथरतो. सकाळपासून चार चहा झालेले, गालात तंबाखूचा बार, रात्री दीड वाजेपर्यंत मोबाइल, आदल्या रात्रीची दारू, हे सगळं बीडमध्ये वाकडंतिकडं उमटतं. मी पोरांना बीड बघून विचारतो रात्री झोपला होतास का, आणि बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येतं. वेल्डरच्या टेस्टच्या दिवशी सकाळी तंबाखू खाऊन जाणारे आहेत, हात स्थिर होतो म्हणतात. सवय लागलेल्याला ती नाही मिळाली तर हात कापतो हे खरं, पण तो तंबाखूचा गुण नाही, सवयीचा त्रास आहे. सुरूच करू नका.

दुसरं कारण आधार. नवीन माणूस होल्डर हवेत धरतो, सगळं वजन खांद्यावर घेतो, केबल मागे खेचत असते ती वेगळीच. जुना वेल्डर बघा कसा बसतो, कोपर मांडीवर किंवा टेबलाच्या कडेला टेकलेलं, डावा हात उजव्या मनगटाखाली, केबलचा एक वळसा शेजारी टेबलावर किंवा स्टँडवर सोडलेला म्हणजे ओढ हातावर येत नाही. केबल हाताभोवती किंवा अंगाभोवती मात्र गुंडाळू नका, कितीही जणांना तसं करताना बघितलं तरी. आणि रॉड लावायच्या आधी एकदा कोरडी फेरी मारा, म्हणजे आर्क न लावता हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेऊन बघा. मध्येच कोपर अडतंय का, मनगट वळतंय का ते आधीच कळतं. वीस वर्षांनंतर मी आजही अडचणीच्या जागी कोरडी फेरी मारल्याशिवाय आर्क लावत नाही.

श्वासाचं पण सांगतो. आर्क लागली की नवशिके श्वास रोखून धरतात, पंधरा-वीस सेकंदांनी छाती भरते आणि एकदम उसासा टाकला की हात उडतो. हळू सोडत राहायचा श्वास, नाकाने. हे घरी हिराच्या सरावातच करायला लागा.

बसणं, वाकणं, वर हात करून राहणं

टेबलावर आडवी प्लेट ठेवून वेल्डिंग करणं हे शाळेतलं झालं. खरं काम कुठे असतं, तर जमिनीलगतच्या पाइपवर, टाकीच्या आत, शेडचं छत पेलणाऱ्या कैचीखाली. वेल्डरच्या टेस्टला पोझिशनप्रमाणे नंबर आहेत, १जी म्हणजे आडवं सपाट, ३जी उभं, ४जी डोक्यावरचं, आणि ६जी म्हणजे पाइप ४५ अंशात तिरका फिक्स केलेला असतो, तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. ६जी पास झालेल्या पाइप वेल्डरला रिफायनरीच्या शटडाउनला, म्हणजे दुरुस्तीसाठी ती बंद ठेवतात तेव्हा, आणि आखातात मागणी असते, त्यासाठी तर बरेच जण शिकतात. पण ६जी मध्ये एकाच जॉइंटला खालून डोक्यावरचं, बाजूने उभं आणि वर जवळजवळ सपाट, सगळ्या पोझिशन येतात, म्हणजे शरीराला तेवढ्या वेळा बैठक बदलायची आणि हाताची चाल मात्र तीच ठेवायची.

तीन गोष्टी करून बघा. उकिडवं बसा, टाचा जमिनीला टेकवून, दहा मिनिटं. आपल्या आजीला यात काही विशेष वाटलं नसतं पण आताची खुर्चीवरची पोरं चार मिनिटांत बूड टेकतात. मग एक गुडघा टेकवून दहा मिनिटं. मग अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली डोक्याच्या वर धरून, मान वर करून, तीन मिनिटं. बाटली जड नाहीये, पण तिसऱ्या मिनिटाला खांदा काय म्हणतो ते ऐका. यात लगेच जमलं नाही तर घाबरायचं कारण नाही, रोज थोडं थोडं वाढवलं की दीड-दोन महिन्यांत अंगवळणी पडतं. पाठीचं किंवा मणक्याचं जुनं दुखणं असेल तर मात्र आधी डॉक्टरला दाखवा, या कामाने ते बरं होणार नाही, वाढेलच.

बॉयलरच्या पाइपांमध्ये काम करणारे वेल्डर तर आरसा वापरतात. चंद्रपूरसारख्या औष्णिक वीज केंद्राच्या बॉयलरमध्ये नळ्या इतक्या जवळजवळ असतात की मागची बाजू डोळ्याला दिसतच नाही, मग पलीकडे छोटा आरसा लावायचा आणि त्यात बघून वेल्ड मारायचा, डावं-उजवं उलटं दिसत असताना. त्यांची आयबीआरची, म्हणजे भारतीय बॉयलर नियमांप्रमाणे होणारी, टेस्ट वेगळी असते. आणि अशा जागी डावा हात पण उजव्यासारखा चालायला लागतो. तुम्ही डावखुरे असाल तर काळजी नको, डावखुरे चांगले वेल्डर होतात, फक्त केबल आणि टेबल आपल्या बाजूने लावून घ्यायला शिका. उजवे असाल तर घरी डाव्या हाताने जेवू नका लगेच, आई ओरडेल, पण हिराचा सराव डाव्या हाताने पण करा.

उंची आणि कोंदट जागा, हे दोन शरीरात बसतात की मनात ते मला सांगता येणार नाही, पण आधी तपासा. गच्चीच्या पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढून दहा मिनिटं शिडीला एका हाताने धरून उभं राहता येतं का, खाली मोठं माणूस उभं करून, एवढंच बघा. बंद जागेत जीव घाबरत असेल तर टाकीतलं काम घेऊ नका, आणि घाबरत नसेल तरी हवा खेळती केल्याशिवाय, बाहेर माणूस उभा केल्याशिवाय आत उतरू नका. आर्गन हवेपेक्षा जड असतो, टाकीच्या तळाशी साठतो, त्याला वास नाही, रंग नाही. धाडसाचं काम नाहीये ते.

डोळे

वेल्डरचं सगळं काम डोळ्यापासून फूट-सव्वा फुटावर असतं. लांबचं दिसतंय का यापेक्षा जवळचं स्पष्ट दिसतंय का हे महत्त्वाचं. औषधाच्या पाकिटावरची एक्स्पायरीची तारीख ३०-३५ सेंटिमीटरवरून वाचून बघा, एकेक डोळा झाकून. चष्मा असला तर असू द्या, चष्म्यावर शील्ड, म्हणजे काळ्या काचेचा मुखवटा, लावता येते. चाळिशीनंतर जवळचं धूसर व्हायला लागतं आणि कितीतरी चांगले कारागीर त्याच वयात म्हणतात माझा हात गेला आता. हात गेलेला नसतो, डोळा गेलेला असतो. शील्डमध्ये काळ्या काचेच्या मागे बसवायची भिंगाची काच मिळते, एकच्या नंबरपासून पुढे, ती लावली की दुसऱ्या दिवसापासून बीड पूर्वीसारखी. माझं स्वतःचं असंच झालं, वर्षभर मी उगाच रॉडला आणि मशीनला दोष देत होतो.

रंगांधळेपणा असेल तर बहुतेक साधं वेल्डिंग अडत नाही. पण स्टेनलेस स्टीलवर उष्णतेचा रंग बघून अंदाज घ्यावा लागतो, आणि गॅसचे सिलिंडर रंगावरून ओळखतात, ऑक्सिजनचा काळा, ॲसिटिलीनचा मरून, त्यामुळे इन्स्ट्रक्टरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. ॲसिटिलीनच्या जोडणीला उलटे आटे असतात, तेवढी एक खूण हाताला पण कळते.

काळ्या काचेचा नंबर साध्या रॉडच्या कामाला १० किंवा ११ ठेवतात. त्याहून फिकी लावून जास्त दिसतं म्हणून खूश होऊ नका. नुसती एक चमक उघड्या डोळ्यावर पडली तरी संध्याकाळपर्यंत काहीच वाटत नाही, सहा-बारा तासांनी, रात्री झोपेतून उठून माणूस डोळ्यात वाळू गेली म्हणून तळमळतो. डोळ्याच्या वरच्या पडद्याला अतिनील किरणांनी भाजलेलं असतं ते. बटाट्याचे काप, दूध, कोणाच्या तरी घरातले जुने थेंब, हे काहीही डोळ्यात घालू नका, डोळ्याच्या डॉक्टरकडे जा, एक-दोन दिवसांत बहुतेक वेळा बरं होतं. टॅक, म्हणजे तुकडे जागेवर धरायचा छोटा टाका, मारताना एक सेकंदच तर आहे म्हणून डोळे मिटून मारणारे खूप आहेत, तुम्ही तसं शिकू नका. पापणी म्हणजे काळी काच नव्हे.

पण डोळ्याचं खरं काम निराळंच आहे आणि ते कोणी पहिल्या दिवशी सांगत नाही. नवशिका आर्ककडे बघतो, कारण ती चमकते. बघायचं असतं तिच्या मागे, वितळलेल्या धातूच्या थेंबाकडे, आम्ही पडल म्हणतो त्याला. ते डबकं किती रुंद झालं, दोन्ही कडांना धरतंय का, त्यावर तरंगणारा स्लॅग, म्हणजे वितळलेला मळ, पुढे पळतोय का, हे सगळं त्या नखाएवढ्या जागेत वाचायचं. डोळा तिथे बसला की हात आपोआप सुधारायला लागतो. कान पण लावा. आर्क नीट असली की कढईत भजी तळताना येतो तसा एकसारखा चर्र आवाज येतो, लांबली की फडफड करते. माझे उस्ताद पाठ करून उभे असायचे आणि आवाजावरून सांगायचे, लांब झाली, जवळ घे.

धूर, घाम आणि ताप

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. हे वाचून काम सोडा असं मी म्हणत नाही, पण दमा असेल, छातीचा जुना आजार असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय या धंद्यात येऊ नका हे मनापासून सांगतो. रुमाल बांधून धूर अडत नाही. निदान एन९५ नाहीतर एफएफपी२ दर्जाचा मास्क, आणि डोकं धुराच्या लोटात घालायचं नाही, वारा बाजूने येईल असं बसायचं. डोकं खाली घालून बघायची सवय लागते म्हणून सांगतोय, ही सवय पहिल्या महिन्यातच मोडावी लागते.

पहिल्या वर्षी मी एका बंद खोलीत दिवसभर गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या, पाइपची चौकट जोडली. रात्री हुडहुडी भरून ताप, तोंडाला पैशाचं नाणं चोखल्यासारखी चव, घरचे म्हणाले मलेरिया. दुसऱ्या दिवशी ताप गेला आणि मी परत तेच काम करायला गेलो. जस्ताच्या धुराने येतो तो ताप. दूध प्यायलं की होत नाही असं मला सांगितलेलं, मी प्यायलो होतो, आला तो आलाच. जस्त आधी घासून काढायचं आणि उघड्यावर काम करायचं, उपाय हाच.

उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये, अंगात जाड सुती कपडे, चामड्याचा ॲप्रन, समोर काही हजार अंशाची आर्क. दुपारी दोननंतर डोकं चालेनासं होतं आणि चुका तेव्हाच होतात. तहान लागायची वाट बघू नका, तासाला पाणी प्या, दुपारी मीठ-लिंबू घातलेलं. घामाने भिजलेले हातमोजे बदला. मशीन चालू असून आर्क लागलेली नसते तेव्हा होल्डरवर साधारण ६० ते ८० व्होल्ट असतात, कोरड्या हाताला जाणवत नाहीत कदाचित, पण ओल्या हाताने रॉड बदलताना, ओल्या लोखंडावर बसलेलं असताना तेच जीव घेऊ शकतात. कोकणातल्या पावसाळ्यात काम करणाऱ्यांनी तर हे भिंतीवर लिहून ठेवावं.

डोकं

आता मुख्य. शरीराचं वरचं सगळं सहा महिन्यांत जमतं, याला वेळ लागतो.

पहिली गोष्ट लक्ष. घरी दोन किलो गहू घ्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि खडे निवडत बसा, चाळीस मिनिटं. किती खडे मिळाले ते सोडा, मन कितव्या मिनिटाला मोबाइलकडे गेलं ते बघा. पाचव्या मिनिटाला गेलं तर तुम्ही आजच्या जगातले नॉर्मल माणूस आहात, पण सराव लागेल. वेल्डिंगमध्ये मन दोन सेकंद गेलं तर अर्धा-पाऊण सेंटिमीटर बीड खराब होते आणि पातळ पत्रा असेल तर सरळ भोक पडतं, नंतर ते भरायला दहा मिनिटं.

दुसरी, चिडणं. नवीन माणसाचा रॉड दिवसात वीस-तीस वेळा चिकटतो. मी पोराची पारख त्यावरून करतो. एक जण होल्डर हिसके देऊन ओढतो, शिव्या देतो, शील्ड वर करतो. शील्ड वर करणं सगळ्यात वाईट कारण रॉड सुटताना आर्क पुन्हा चमकते आणि थेट डोळ्यात जाते. दुसरा शील्ड खालीच ठेवतो, मनगट बाजूला मुरगळून सोडवून बघतो, नाही सुटला तर होल्डरचा जबडा उघडून रॉड तिथेच सोडून देतो, आणि मग विचार करतो करंट कमी होता का, मी टेकवून ठेवला का. या दुसऱ्याला शिकवायला मला काहीच त्रास होत नाही. तुम्ही पहिल्यातले असाल तर निदान ओळखून असा, आणि चिकटला की तीन श्वास घ्यायचे, मग हात लावायचा, एवढा नियम करा. जमतो हा नियम, मी स्वतः पहिल्यातला होतो.

तिसरी, मनात आकार फिरवता येणं. टूथपेस्टचा खोका घ्या, उघडायच्या आधी कागदावर काढा की तो सपाट पसरला तर कसा दिसेल, मग उघडून जुळवून बघा. घरातलं स्टूल समोरून, वरून, बाजूने, तीन चित्रात मापासकट काढा. ड्रॉइंग वाचणं म्हणजे हेच. ज्याला ड्रॉइंग वाचता येतं तो हेल्परचा फॅब्रिकेटर होतो, नाहीतर आयुष्यभर दुसऱ्याने खडूने मारलेल्या रेघेवर रॉड जाळत बसतो. गणित फार लागत नाही पण जेवढं लागतं तेवढं पक्कं हवं. गुनिया, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, छोटा पडतो अशा मोठ्या चौकटीत एका बाजूवर ६०० मिलिमीटर, दुसरीवर ८०० खूण करा, दोन खुणांमध्ये १००० भरलं तर कोपरा काटकोनात आहे. चारही कोपरे टॅक झाले की दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तरच पुढे जा.

आणि चौथी जी माझ्या मते या कामाचा गाभा आहे, ती म्हणजे लोखंड उद्या काय करेल हे आज ओळखणं. लोखंड तापलं की वाढतं, मीटरमागे शंभर अंशाला साधारण १.२ मिलिमीटर, आणि वेल्ड थंड होताना आकसतो आणि सगळं आपल्याकडे ओढतो. ज्या बाजूला वेल्ड त्या बाजूला ओढ. गेटची चौकट टॅक करून एका कडेने सरळ वेल्ड मारत गेलात तर दुपारी टेबलावर काटकोनात असलेली चौकट संध्याकाळी खाटेसारखी एक पाय वर करते. म्हणून समोरासमोरचे कोपरे घ्यायचे, थोडं थोडं मारायचं, मध्ये थंड होऊ द्यायचं, ओढ जिकडे येणार त्याच्या उलट बाजूला आधीच मिलिमीटरभर सोडून टॅक मारायचा. पुस्तकात नियम मिळतात पण किती सोडायचं ते हाताखालून पन्नास चौकटी गेल्यावरच कळतं. त्यासाठी एक वही ठेवा, जाडी, करंट, कुठून सुरुवात केली, किती ओढलं. लाजू नका वही ठेवायला, मला आजही जुन्या वह्यांमध्ये उत्तरं मिळतात.

पाचवी गोष्ट कोणत्याच टेस्टमध्ये मोजत नाहीत. वेल्डची चूक झाकता येते. रूटमध्ये फट राहिली तरी वरून कॅपिंग, म्हणजे शेवटचा दिसणारा थर, सुंदर मारता येतं, अंडरकट, म्हणजे वेल्डच्या कडेची खाच, पुट्टीने भरून रंग देता येतो, आणि बघणाऱ्याला काही कळत नाही. मोठ्या कामात एक्स-रे काढतात, टेस्ट पीस वाकवून बघतात, त्यात ३ मिलिमीटरच्या वर चीर उघडली की फेल, तिथे लपत नाही. पण गॅलरीच्या ग्रिलचा एक्स-रे कोण काढणार? एका कामावर मला सांगितलं होतं की रेलिंगला नुसते टॅक मारून घासून टाक, वेळ नाहीये, रंगात जाईल. मी तेव्हा तरुण होतो, मी मारले टॅक, आणि दोन रात्री झोप लागली नाही, कारण त्या रेलिंगला पोरं लटकणार हे मला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी रॉडचं पाकीट स्वतःच्या पैशाने घेऊन गेलो आणि पूर्ण वेल्ड मारून आलो, त्यावरून ते काम पण गेलं. त्यामुळे शिकायला येणाऱ्याला मी विचारतो, शाळेत कधी चूक झाली ती आपणहून सांगितली आहेस का. जो स्वतःची बीड घासून टाकून परत मारायला तयार असतो त्याच्या हातात मी निर्धास्त होल्डर देतो.

कधी थांबायचं, आणि शिकायला येताना

फिट येत असतील, पेसमेकर बसवलेला असेल, चक्कर येत असेल, शुगर एकदम खाली जात असेल तर डॉक्टरला नीट सांगून विचारा की मी वेल्डिंग करतो, मशीनमधून शंभर-दीडशे अँपिअर जातात, उंचीवर चढावं लागतं. नुसतं कारखान्यात काम करतो म्हणून सांगू नका. नाही म्हणाले तर ऐका, याच धंद्यात ड्रॉइंगचं, मार्किंगचं, तपासणीचं काम आहे आणि डोकं चालणाऱ्या माणसाला तिथे मान आहे.

हात विसरतो हे पण लक्षात ठेवा. परदेशी कोडप्रमाणे पास झालेल्या वेल्डरने एखाद्या पद्धतीचं वेल्डिंग सहा महिने केलं नाही तर त्याची त्या पद्धतीची पात्रता जाते, पुन्हा टेस्ट द्यावी लागते. सुट्टीवर गावी आलेले आखातातले लोक दोन महिने शेतात राबून परत जातात तेव्हा पहिले चार दिवस त्यांची पण बीड रुसते. गावात एखाद्या ओळखीच्या गेटवाल्याकडे तासभर बसून आठवड्यातून दहा रॉड जाळले तरी पुरतं.

पहिल्या दिवशी येताना पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट घाला, नायलॉन-टेरिकॉट अजिबात नको, ते वितळून कातडीला चिकटतं. पॅण्टची खालची घडी उलगडून या, ठिणगी घडीत बसते. खिशात काडेपेटी, लायटर, प्लास्टिकचा कंगवा काही ठेवू नका. बूट चामड्याचे, घोट्याच्या वर जाणारे, चप्पल घालून आलेल्याला मी घरी परत पाठवतो. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी घरी काढून ठेवा. आणि सकाळी भाकरी-भाजी, पोहे, जे असेल ते पोटभर खाऊन या.